अर्धं बिस्किट

ऑपरेशन थिएटरच्या दारावरचा लाल दिवा लागला. बायको आत होती. आमची पाच वर्षांची रूथ बाकावर माझ्याशेजारी पाय हलवत बसली होती. भूक लागली म्हणाली, म्हणून मी बिस्किटांचा पुडा फोडला.

तिनं एक बिस्किट घेतलं आणि डोळे मिटले, इतके गच्च की नाकाला सुरकुत्या पडल्या. "देवबापा, या खाऊबद्दल तुझे आभार. मम्मीला सांभाळ. तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. आमेन."

ते शेवटचं वाक्य मीच तिला शिकवलेलं. रोज जेवणाआधी किती सहज म्हणायचो! समोर गरम भात असताना देवाच्या इच्छेला कोण भितं? इथं मात्र मनात आलं, त्याची इच्छा वेगळीच असली तर?

"पपा, आमेन म्हणा ना."

आमच्या घरी सगळ्यांचं आमेन झाल्याशिवाय कुणी घास घेत नाही. बिस्किट ओठांपाशी धरून ती थांबली होती. ही पोर अंधाराला भिते, झुरळाला भिते. या वाक्याला भीत नाही. देवाला ती बाप समजूनच ते सांगत असते ना!

मी आमेन म्हणालो.

तिनं बिस्किट मोडून अर्धं खाल्लं, अर्धं माझ्या तळहातावर ठेवलं. "हे मम्मीला. उठल्यावर तिला भूक लागेल."

दिवा लालच होता. भीतीनं मूठ आवळावीशी वाटत होती. पण बिस्किटाचा चुरा होईल म्हणून मी हात उघडाच ठेवला.