काळ्या गाडीवरचे ओरखडे

लोक गाडी कशी पुसतात ते मला बघवत नाही. खरोखर किळस येते. सकाळी बनियनवर खाली यायचं, डिकीतून वाळून कडक झालेलं पिवळं फडकं काढायचं, रात्रभर साचलेल्या धुळीवर ते कोरडंच गोल गोल फिरवायचं आणि मग काचेवर तोंडाची वाफ सोडून त्याच फडक्याने काच पुसायची. त्यात आमच्या सांगलीत उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याची काजळी उडत येते. दिसायला मऊ, पण बोटांत चुरडून बघा, कच लागते. ती कोरडी पुसणं म्हणजे रंगावर पॉलिशपेपर मारणं. आमच्या इमारतीतले एक डोळ्यांचे डॉक्टर भांडी घासायच्या हिरव्या घासणीने गाडी धुतात. मी एकदा सांगायला गेलो, तर हसून म्हणाले, गाडी आहे हो ती, डोळा नाही. अशा माणसाकडून मी चष्म्याचा नंबरसुद्धा काढून घेणार नाही.

मी मिरजेत एक्स-रे काढायचं काम करतो. हाडातली केसाएवढी चीर शोधण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे गाडीवरची रेघ मला इतरांच्या आधी दिसते. माझी गाडी काळी. काळा रंग काहीच लपवत नाही. सकाळी तिरपं ऊन बॉनेटवर पडलं की एकूण एक ओरखडा दिसतो.

कंबर धरली तेव्हापासून गाडी धुवायला मी मावशींना सांगितलं. रेल्वे लाइनच्या पलीकडच्या वस्तीतून त्या यायच्या आणि आमच्या इमारतीतल्या अकरा गाड्या धुवायच्या. मी त्यांना सगळं पहिल्यापासून शिकवलं. गाडी सावलीत हवी, पत्रा गार हवा. आधी नुसतं पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यायची, तोवर हात लावायचा नाही. दोन बादल्या घ्यायच्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं गाडीवरून आलं की आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मगच शाम्पूत बुडवायचं. टपापासून सुरुवात करून खाली यायचं, हात सरळ ओढायचा, गोल नाही. चाकांचं फडकं वेगळं, आणि चाकं शेवटी. शेवटी पाणी टिपून घ्यायचं, घासायचं नाही. हे मी इमारतीतल्या कितीतरी शिकल्यासवरलेल्या लोकांना सांगितलं होतं आणि एकाच्याही डोक्यात शिरलं नव्हतं. मावशी दोन दिवसांत शिकल्या. एकदा त्यांच्या हातातून फडकं जमिनीवर पडलं. मी काही बोलायच्या आतच त्यांनी ते बाजूला टाकलं आणि म्हणाल्या, ‘ह्ये आता चाकाला.’

आणि तरीही गाडीवर ओरखडे आले. बारीक, जाळीसारखे. आधी बॉनेटवर, मग दारांवर. बाकीच्या गडद गाड्या बघितल्या, तर त्यांच्यावरही तेच.

मी काय केलं ते सांगतो. मावशींना विचारलं नाही. बॉनेटचा फोटो काढला आणि इमारतीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘काम नीट होत नाहीये.’ झालं, सगळे तुटून पडले. ज्यांना आपली गाडी कुठल्या रंगाची आहे हेही आठवावं लागतं, त्यांनाही ओरखडे दिसायला लागले. हिरव्या घासणीवाल्या डॉक्टरांनी लिहिलं की असल्या लोकांना वस्तूची किंमतच नसते. ते वाचलं आणि मी फोन खिशात टाकला. इमारतीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त सुभेदार, साताऱ्याकडच्या फौजी गावातले, ताठ कण्याचे. त्यांनी येत्या रविवारची मीटिंग लावली. विषय एकच होता, बाईंना काढायचं.

शुक्रवारी सकाळी मी मावशींची चूक पकडायला खाली गेलो. पार्किंगच्या खांबाआड उभा राहिलो, चोरासारखा. माझ्या वयाच्या माणसाने असं उभं राहावं, याचीच आधी शिसारी यायला हवी होती. मावशी काम करत होत्या आणि एकही चूक करत नव्हत्या. हात सरळ, फडकं साध्या पाण्यात, मग शाम्पूत. शेवटी मी पुढे आलो आणि साध्या पाण्याच्या बादलीत कोपरापर्यंत हात घातला. तळाला बोटभर रेती बसली होती. फडकं खळबळलं की ती उठत होती आणि फडक्याला लागून गाडीवर जात होती. मी शिकवलेल्या पद्धतीनेच गाडी खरवडली जात होती.

पाणी कुठून आणता, असं मी विचारलं. त्यांनी कंपाउंडच्या भिंतीकडे हात केला. तिथे जुनं बोअर आहे. महापूर येऊन गेल्यापासून ते रेती मारतं, म्हणून आम्ही ते पाणी फक्त झाडांना घालतो. मी म्हटलं, बागेजवळ इतका चांगला नळ आहे, तो सोडून तुम्ही तिकडे का जाता?

त्यांनी हातातलं फडकं बादलीच्या काठावर ठेवलं.

‘आवं साहेब, त्यो नळ आमाला न्हाई. जिन्याखाली कागद लावलाय की. सातवी शिकलीया मी, वाचलाय सगळा. तुमचीबी सई हाय त्यावर.’

होती. त्या नळाशेजारी औदुंबर आहे, पारावर दत्ताच्या पादुका आहेत, आणि इमारतीतली माणसं तिथलं पाणी पूजेला नेतात. सुभेदार तो कागद घेऊन घरोघरी फिरले होते. त्यावर लिहिलं होतं की नळावर गाड्यांची घाण फडकी धुतली जातात, पाण्याचं पावित्र्य राहत नाही, तरी बाहेरील कामगारांनी हा नळ वापरू नये. आमच्याकडे सुभेदार चहाला बसले आणि मी सही केली. न वाचता केली असं म्हणायची सोय मला नाही. मी वाचून केली. दूधवाला त्याच नळावर किटली विसळतो, प्लंबर ग्रीसचे हात धुतो, त्यांना कोणी कागद दाखवत नाही. मावशींचं आडनाव मात्र सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. त्या दिवशी चहा घेताना आम्ही दोघांनी ते उच्चारलं नव्हतं, एवढाच काय तो आमचा सभ्यपणा.

मावशी बादली ओतून देत म्हणाल्या, ‘रैवारी मला काडनार हायसा म्हनं. अकरा गाड्या हायत्या माज्या. तुमी येवडं सांगा समद्यांस्नी. नळ दिला तर रेती न्हाई, आन वरखडंबी न्हाईत.’

मी सांगतो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, पोहे होते. मी बादलीतली रेती बाटलीत भरून नेली होती. उभा राहिलो, बाटली हलवून दाखवली, फडक्यात कण कसे अडकतात ते समजावून दिलं. छान बोललो. लोक मन लावून ऐकत होते. डॉक्टरही मान डोलवत होते. बाईंची चूक नाही, पाण्याची आहे, हे सगळ्यांना पटलं. मग सुभेदारांनी विचारलं, ‘ठीक आहे. मग यावर उपाय काय?’

त्यांना नळ द्या. तीन शब्दांचं वाक्य होतं. सुभेदार माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, साधंच बघत होते. त्यांच्यामागे औदुंबर दिसत होता. आणि मी म्हणालो, ‘बोअरचं पाणी गाळून घ्यायचं. मी घरचं मलमलीचं कापड देतो.’

सगळ्यांना हायसं वाटलं. कोणीतरी टाळी वाजवली. बाईंना ठेवायचं ठरलं, आणि मला दुसऱ्यांदा पोहे वाढले गेले. मी ते खाल्ले. आजही त्याची आठवण झाली की तोंडात कच आल्यासारखी वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापड घेऊन खाली गेलो. काम टिकल्याचं मावशींना आधीच कळलं होतं. त्यांनी विचारलं, ‘सांगितलं का?’

‘रेतीचं सांगितलं.’

‘आन नळाचं?’

मी म्हटलं, ते हळूहळू बघू, एकदम बोललो असतो तर बिघडलं असतं. हे बोलताना मी त्यांच्याकडे न बघता बॉनेटकडे बघत होतो. त्यांनी मलमलीचं कापड घेतलं नाही. मी दिलेली तिन्ही मऊ फडकी पिशवीतून काढली, घडी घातली आणि माझ्या बॉनेटवर ठेवली. आवाज चढवला नाही.

‘गाळाय माज्याकडं लुगड्याचा तुकडा हाय. धाच्या धा गाड्या धुतीन. तुमची न्हाई.’

आणि त्या पलीकडच्या गाडीकडे गेल्या. घरी बायको म्हणाली, बरं केलं त्यांनी. मी तिच्यावर चिडलो, पण चिडायला जागा नव्हती.

तेव्हापासून माझी गाडी मीच धुतो. पहिल्या रविवारी दोन बादल्या घेऊन, कंबर धरत, सरळ बागेजवळच्या नळावर गेलो. कोणी अडवलं नाही. येणारेजाणारे ‘आज स्वतःच का?’ एवढंच विचारत होते. कंपाउंडपाशी मावशी बादलीच्या तोंडाला लुगड्याचा तुकडा बांधून बोअरचं पाणी गाळत होत्या. तांब्या ओतायचा, थांबायचं, पुन्हा ओतायचा. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

शेवटी चाकांशी आलो. मडगार्डच्या आत शेण वाळून बसलं होतं, काळा चिकट थर होता, आणि चाकाखाली कधीतरी सापडलेल्या घुशीची कातडी, केसांसकट. ते सगळं फडक्याने ओढून काढलं, फडकं त्या नळाखाली धरलं आणि पिळलं. काळं पाणी केसांसकट नळाच्या तोटीवर उडालं आणि ओघळत पाराच्या कडेने गेलं. मागे सुभेदार उभे होते. आंघोळ झालेली, अनवाणी, कपाळाला गंध, हातात तांब्याचा कलश. मी घाईघाईने बाजूला व्हायला लागलो.

‘चालू द्या, चालू द्या,’ ते म्हणाले. ‘काही घाई नाही.’

ते माझं फडकं पुरतं पिळून होईपर्यंत थांबले. मग त्यांनी त्याच तोटीखाली कलश धरला, काठोकाठ भरून घेतला आणि पादुकांवर पाणी घालायला गेले.