तापल्यावर तुटणारी वायर

गॅरेजच्या गल्लीत त्याला सगळे कानसेन म्हणत. ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं, डोळे मिटायचे आणि पुढचं वळण येईपर्यंत गिअरबॉक्समध्ये काय बिघडलंय ते सांगून टाकायचं, ही त्याची पद्धत. बहुतेक वेळा त्याचं बरोबर निघे. त्यामुळे चुकलेल्या वेळा कुणाच्या लक्षात राहत नसत. त्याच्या स्वतःच्या तर नाहीच.

गॅरेजच्या दुसऱ्या अर्ध्या भागात त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, गाड्यांचं वायरिंग बघायचा. शांत आणि जरा चेंगट माणूस. मीटर लावून तपासल्याशिवाय कुठल्या वायरीवर विश्वास ठेवायचा नाही. "ह्याला खुर्ची दिली तर बसायच्या आधी चारही पायांना मीटर लावेल," असं कानसेन गिऱ्हाइकांना सांगायचा आणि मेहुणाही सगळ्यांबरोबर हसायचा.

एक दिवस नर्सबाई गाडी घेऊन आल्या. त्या घरोघरी जाऊन आजारी माणसांचं बघत. डावा गुडघा दुखरा, म्हणून ऑटोमॅटिक गाडी. वर्षभरापूर्वी याच गॅरेजमध्ये तिच्या गिअरबॉक्सचं तेल गळायचं थांबवलं होतं, मागच्या दिव्यांची नवी वायर टाकली होती. आता मोठ्या रस्त्यावर एका वेगाने जाताना गाडी अचानक हिसके द्यायची. इंजिनाचा आवाज चढायचा, उतरायचा. आणि हे सगळं गाडी तापल्यावरच.

कानसेन शेजारी बसला, डोळे मिटले, परत येऊन म्हणाला, "कन्व्हर्टर गेलाय. आतला क्लच घसरतोय."

गाडीने एक वेग धरला की इंजिन आणि गिअरबॉक्स यांना घट्ट जोडणारा हा क्लच. त्याला धर-सोड करायला लावणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, गिअरबॉक्सच्या आत असतो आणि त्याच्यापर्यंत गाडीच्या कॉम्प्युटरचा हुकूम येतो एका बारीक वायरीतून.

मेहुण्याने बिघाडाचे कोड वाचणारं आपलं यंत्र गाडीला जोडलं होतं. तो म्हणाला, "दाजी, कोड सर्किटचा दाखवतोय. गिअरबॉक्स उतरवण्याआधी वायर तपासू. गरम गाडीवर. अर्ध्या दिवसाचं तर काम आहे."

"तुझ्या डब्याला कान आहेत का? मी ऐकलंय ना."

गिअरबॉक्स उतरला. नवा कन्व्हर्टर बसला. गाडी गेली आणि पंधरवड्यात तेच हिसके घेऊन परत आली.

नर्सबाई दारात उभ्या राहून विचारत होत्या की आता काय. गल्लीतले दोघं-तिघं ऐकत होते. कानसेन मेहुण्याकडे हात करून म्हणाला, "मागच्या दिव्यांची वायर टाकताना ह्याने काहीतरी घोळ करून ठेवलाय. माझं काम चोख आहे."

मेहुणा गाडीखालून बाहेर आला. त्याने हात पुसले, मीटरच्या वायरी नीट गुंडाळल्या, पेटी उचलली आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. मग आलाच नाही. लिफ्टच्या कंपनीत देखभालीला लागला असं कळलं. नर्सबाईंनीही गॅरेज सोडलं. घरी बायको याबद्दल एकदाच बोलली. "माझा भाऊ हयगय करणारा नाही," एवढंच. कानसेन म्हणाला, "म्हणजे मी करतो?" त्यावर ती उठून आत गेली आणि विषय तिथेच राहिला.

वर्षं गेली. घणाच्या आणि इंजिनांच्या आवाजाने कानसेनचे कान मंद झाले. आधी बारीक किणकिण जायला लागली, मग समोरच्याचं बोलणं. त्याने ते कुणाला सांगितलं नाही. गुपचूप एक मीटर विकत आणला आणि अंदाजाने शिकला.

मग एका सकाळी नर्सबाई आल्या. केस पांढरे झालेले, गाडी तीच. नोकरी संपली होती आणि त्यांना ती गाडी भाचीला द्यायची होती. "मी सवय करून घेतली हो, हळू चालवायची. कुणालाच सापडलं नाही. पण तिला अशी कशी देऊ? एकदा शेवटचं बघता?"

तो आता ऐकून सांगू शकत नव्हता, म्हणून त्याने तपासलं. कॉम्प्युटरच्या बाजूने सोलेनॉइडचा रोध मोजला. गाडी थंड होती, आकडा ठीक. मग बाईंबरोबर मोठ्या रस्त्यावर लांब चक्कर मारून आला आणि पुन्हा मोजला. सर्किट उघडं, म्हणजे कुठेतरी तुटलेलं. गाडीखाली शिरून खुद्द गिअरबॉक्सच्या सॉकेटवर मोजला. तिथे ठीक. म्हणजे सोलेनॉइड चांगला होता, कन्व्हर्टरचा तर संबंधच नव्हता. दोष मधल्या वायरीत.

तो बोटांनी वायर चाचपत मागे गेला. सायलेन्सरच्या पाइपापाशी ती लोंबत होती. वरचं आवरण कडक, तपकिरी. गार झाल्यावर त्याने ती दोन बोटांत धरून ओढली तर ती रबरासारखी ताणली. आत तांबं तुटलेलं होतं. थंड असताना टोकं टेकायची, तापली की सुटायची.

वरच्या बाजूला वायर अडकवायची क्लिप होती. रिकामी. तेल गळायचं थांबवताना ती त्यानेच सोडवली होती. हात पोचत नव्हता म्हणून नंतर लावू म्हणाला होता. कन्व्हर्टर बदलताना ती पुन्हा त्याच्या नाकासमोर असणार.

तो बराच वेळ गाडीखालीच पडून राहिला. नर्सबाईंना वाटलं त्याला बरं वाटत नाहीये.

त्याने सगळं सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "म्हणजे ते वायरिंगवाले बरोबर होते. त्यांना सांगितलंत?"

घरी बायको मटार सोलत होती. त्याने सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. "मला काय सांगता? त्याला सांगा."

रविवारी तो मेहुण्याच्या घरी गेला. दार उघडणारा माणूस जाड झाला होता, चष्मा लागला होता. कानसेनने खिशातून वायरीचा तुकडा काढून पुढे केला. मेहुण्याने तो ओढून पाहिला.

"आत तुटलीय."

"हो. मी क्लिप लावली नव्हती. तुझी काही चूक नव्हती रे."

"ते मला तेव्हाही माहीत होतं, दाजी." मेहुण्याने तुकडा टेबलावर ठेवला. "मी गेलो ते वायरीमुळे नाही. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात तेव्हा ताई तुमचा डबा घेऊन फाटकात उभी होती. तुमची पाठ होती. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. तिने डबा पायरीवर ठेवला आणि गेली."

कानसेनला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून बायकोने सांगितलं नव्हतं. आणि त्यानेही तो डबा पायरीवर कसा आला, हे कधी विचारलं नव्हतं.

"परत ये," तो म्हणाला. "तुझी बाजू तशीच आहे."

"नको. लिफ्टचं बरं चाललंय." मेहुणा ठासून नाही, सहज म्हणाला, आणि तेच जास्त लागलं. "चहा घेता?"

घरी परतल्यावर तो बायकोसमोर बसला. "तू फाटकात होतीस."

"होते."

"बोलली का नाहीस?"

"तुमचं खरं असेल असं वाटलं मला," ती म्हणाली. "क्षणभरच. पण वाटलं. तेवढ्यात त्याने माझ्याकडे बघितलं."

पुढच्या महिन्यात मेहुणा जेवायला आला. ताईने कितीतरी केलं होतं. पूर्वी हा माणूस चपला भिरकावून थेट स्वयंपाकघरात शिरायचा आणि पातेल्यांवरची झाकणं उचलून बघायचा. आता तो बैठकीत खुर्चीच्या कडेला बसला, तब्येतीची चौकशी केली, जेवण छान झालंय म्हणाला. मग तहान लागली तेव्हा त्याने ताईला विचारलं, "जरा पाणी मिळेल का?"

तिने पाणी आणून दिलं. कानसेनला ते बोलणं नीट ऐकू आलं नव्हतं, पण बायकोचा चेहरा त्याला दिसला.