दादांच्या बोटीत मोटार बसवली तेव्हा

दादांची बोट मी त्यांना न विचारता उघडली, तीही ते लग्नाला जामखेडला गेलेले असताना. चोरूनच केलं म्हणा ना. पण दुसरा मार्गच नव्हता.

दादा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्यात फिटर होते. तिथल्या एका साहेबांनी नोकरी सोडून जाताना ही रिमोटवर चालणारी, हातभर लांबीची बोट त्यांना दिली. म्हटलं तर खेळणं, पण आत खरंखुरं इंजिन, नायट्रो नावाच्या इंधनावर चालणारं. प्लग तापवायचा, दोरी ओढायची, इंधन कमी-जास्त करणारी सुई पाव आटा, म्हणजे पाव फेरा, फिरवून जुळवायची. मग ती आमच्या बेलापूरच्या शेततळ्यात अशी किंचाळत पळायची की शेजारच्या उसातली माणसं काम सोडून बांधावर यायची.

दोन वर्षांपूर्वी दादांचा उजवा हात कापायला लागला. दोरी निसटायची, सुई पावच्या जागी अर्धा आटा फिरायची, आणि दादा नावं ठेवायचे इंधनाला. नाचता येईना अंगण वाकडं! एकदा मी म्हणालो, "दोरी मी ओढतो." त्यावर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बॅटरीवर चालवू म्हटलं, तर म्हणाले, "इंजिन काढलंस तर मी बोटीला हात लावनार न्हाई." शेवटी बोट कपाटावर गेली. नाद सुटला म्हणे. सुटला कसला! कपाटाजवळून जाताना मान वर व्हायचीच. मला ते बघवत नव्हतं. हाताचा विषय घरात कुणी काढत नसे. दादांनी पुन्हा एकट्याने, कुणाला हाक न मारता बोट पळवावी, एवढंच मला हवं होतं.

माझं पंपाच्या जळालेल्या मोटारी भरायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं दुकान आहे. बोटीसाठी मागवलेली मोटार हातात आली आणि मी उडालोच. अंगठ्यापेक्षा जरा मोठी चीज, पण तिला वायरी तीन! विहिरीवरच्या थ्री फेज मोटारीचं पिल्लूच ते. जेवणसुद्धा विसरलो. इंजिन, टाकी, धुराचं नळकांडं, सगळं बाहेर काढलं. जुन्या स्टार्टरच्या पेटीचा पत्रा कापून मोटारीला बैठक केली. इंजिनाला गार ठेवणारी पाण्याची बारीक नळी मोटारीला जोडली. तिच्या तीन वायरींच्या पिना सोबत आलेल्या कंट्रोलरच्या डबीत खोचल्या; बॅटरीची वीज तीन फेजांत वाटते ती हीच. टाकीच्या जागी बॅटरी ठेवून बोट हौदात सोडली, तर नाक पाण्यात. बॅटरी दोन बोटं मागे सरकवली, बोट सरळ झाली. मग बाहेर काढून रिमोटचा खटका दाबला. पंखा हवेत असा काही भन्नाट फिरला की मी दुकानात एकटाच ओरडलो.

दादा आले. बोटीचं झाकण उचलून आत पाहत राहिले.

"इंजिन कुठंय?"

"फडक्यात बांधून ठिवलंय. एक नट बी हरवला न्हाई."

"चल तळ्यावर. बघू काय दिवे लावलेत."

बोट पाण्यात सोडली, खटका दाबला, आणि बोट सुटली ती मागे! सरळ उलटी येऊन काठाच्या प्लॅस्टिकवर आपटली. मी सुकाणू बघतो, रिमोट बघतो, घाम पुसतो.

"आरं, लाईनमननं खांबावर फेज बदलल्यावर काय करतोस?" दादा बांधावरून म्हणाले.

दिव्याखाली अंधार! लाईन दुरुस्त झाली की अख्ख्या शिवाराचे पंप उलटे फिरतात, आणि वीस वर्षं मी हेच करत आलोय. तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल. मी वाकलो, तर दादांनी मला खांद्याने बाजूला सारलं.

"सरक. मला करू दे."

दोन वायरी उपसल्या. पहिली पिन चटकन बसली. दुसरी भोकापाशी थरथरत राहिली, दोनदा चुकली. मी हात पाठीमागे घट्ट धरून उभा. तिसऱ्यांदा टक्कन आवाज आला. दादांनी रिमोट मागितला नाही, माझ्या हातातून ओढूनच घेतला.

काय पळाली ती! पाणी चिरल्याचा सुंऽऽ आवाज आणि मागे पांढरा फेस. मी बांधावर अक्षरशः नाचत होतो. मग दिसलं, फेसाची रेघ सरळ नव्हती, थरथरत नागमोडी चालली होती. माझा नाच थांबला. आता रिमोट खाली ठेवतील, असंच वाटलं.

"हात कापतोय माजा, म्हनून वाकडी पळती," दादा बोटीवरची नजर न काढता म्हणाले. "पळू दे. थांबत तर न्हाई!"

आणि त्यांनी खटका पुरा दाबला. दोन वर्षांत त्या हाताबद्दल ते पहिल्यांदा बोलले होते. माझे डोळे भरून आले, आणि बोट वळण घेऊन आमच्याकडे आली तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडलो की दादाच दचकले.