दोन कॅट घेऊन बीबीला

पावसाळ्यात गोव्यातलं आमचं हॉटेल निम्मं बंदच असतं, म्हणून सुट्टी मिळते. यावेळी घरी डोणगावला जायच्या आधी ताईच्या गावी, बीबीला उतरायचं ठरवलं, कारण भाची गौरी फोनवर रडली. तिच्या चुलत भावंडांकडे शहरातून आणलेला रंगीत पत्त्यांचा डबा आहे. हिला खेळायला घेत नाहीत. "तुहा डबा आण, मंग ये," म्हणतात. एकाच अंगणातली लेकरं! माझं डोकं तिथंच फिरलं.

तो खेळ मला येत होता. हॉटेलात पाहुणे खेळतात, मी टेबल पुसता पुसता बघून घेतला. मग आमच्या खोलीत आम्ही पोरांनी तो साध्या पत्त्यांवर बसवला. दोन कॅट एकत्र पिसायचे, प्रत्येकाला सात पत्ते वाटायचे. चार रंगांच्या जागी बदाम, चौकट, किलवर, इस्पिक. बदामावर बदाम टाका, नाहीतर नव्वीवर नव्वी. गुलाम पडला की पुढच्याची पाळी गेली. राणी पडली की फेरी उलटी. दुर्री पडली की पुढच्यानं दोन उचलायचे. जोकर टाकणारा हवा तो रंग मागतो. हातात एकच पत्ता उरला की ओरडायचं. झालं! डब्यात याच्याहून वेगळं काय असतं? रंगीत पुठ्ठा.

जाणाऱ्यांनी एक ऐका. पुण्याहून मेहकरकडची ट्रॅव्हल्स बीबीला थांबते का, हे बसायच्या आधी दोनदा विचारा. माझा क्लीनर "हो हो" म्हणाला, अन् गाडी समृद्धी महामार्गावरून काढली. सकाळी सिंदखेडराजाच्या बाहेर चिखलात उतरवून दिलं, भाडं मात्र मेहकरपर्यंतचं. मी भांडलो, तर तो हसून दार लावून गेला. तिथून पायी स्टँडवर, स्टँडवर गरम आलूबोंडा, मग दुसरबीडवरून जाणारी एसटी. दोन्ही बाजूंनी सोयाबीन चांगलं उठलं होतं, पण माझं लक्ष नव्हतं. लोणारचं सरोवर इथून जवळ आहे, बघायचं असेल तर बघा. मी नाही गेलो.

ताई शेतात निंदायला गेली होती. मी गौरीला ओसरीवर बसवून खेळ शिकवला. दोन डाव हरली, तिसऱ्याला माझ्यावर दुर्री आपटली.

"मामा, उचल दोन! आन् रडू नको!"

तेवढ्यात ताई खुरपं घेऊन दारात उभी.

"हे काय हाय?"

"ताई, तो डब्यातलाच खेळ हाय, फक्त—"

"माह्या घरात पत्ते? काऊन आणले रे तू? पोळा तोंडावर आला, तुले समजत नाही?"

आमच्याकडे पोळ्याला अन् दुसऱ्या दिवशी करीला गावोगाव पत्त्यांचे अड्डे बसतात. वर्षभर हात न लावणारा माणूसही सणाचं म्हणून बसतो. मागे एका पोळ्याला माझे दाजी असेच बसले अन् मोटरसायकल हरून पायी घरी आले. तेव्हापासून ताईच्या घरात पत्ता नाही. मला हे ठाऊक होतं. पण हा जुगार थोडीच होता!

अंगणापलीकडून ताईची थोरली जाऊ ओरडली, "गौरे, मामा भारी हाय वं तुहा! गोव्याहून भाचीले जुगार शिकवाले आला!"

मी उठलोच. "आक्का, तुमच्या डब्यात अन् याच्यात फरक सांगा बरं."

"डब्यावर लिहेल हाय, लेकरायसाठी."

म्हणजे कारखान्यानं डब्यावर छापलं की खेळ चांगला, अन् आम्ही डोकं लावून बसवला की जुगार! तुमची लेकरं खेळली की हुशार, आमची खेळली की वाया गेली! हे मी तिला तोंडावर सांगणार, तेवढ्यात दाजी आले. चप्पल काढून सरळ गौरीजवळ बसले.

"कोणता खेळ हाय, पाहू."

अन् त्यांनी पत्ते उचलले. फर्रकन पिसले, एकही पत्ता वाकडा नाही. मग खाली न बघता वाटले. गौरीला एक, मला एक, स्वतःला एक. तीन फेऱ्या झाल्या अन् हात थांबला.

"बाबा, सात वाटाचे असतात!" गौरी म्हणाली.

तीन पत्त्यांचा डाव कोणता असतो, हे पोरीला सोडून सगळ्यांना माहीत होतं. दाजी स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. ताईनं खाली बसून पत्ते गोळा केले अन् आत नेले. मला कोणावर ओरडावं तेच कळेना.

सकाळी ताईनं भाकर-ठेचा बांधून दिला अन् खुरपं घेऊन शेतात निघून गेली. डोणगावला चार दिवस राहिलो, त्यात आईशी दोनदा भांडलो. कारण काहीच नव्हतं.

आता परत खोलीवर आहे. राग गेलेला नाही. त्या डब्याचा आहे, जावेचा आहे, अन् मी ते कॅट बॅगेत टाकून बीबीला नेले त्याचाही आहे. तिकडं गौरी अजून ओसरीवरून दुसऱ्यांचा खेळ बघत असेल.

काल ताईचा फोन आला. आवाज एकदम बारीक.

"चुलीत घालाच्या आधी मोजले मी. एक पत्ता कमी हाय. तू नेला का?"

मी नेला नव्हता. गौरीच्या दप्तरात असेल, नाहीतर दाजींच्या खिशात.

"हाव ताई," मी म्हणालो, "माह्याच बॅगेत आला."



"खरं?"

"खरं."

"मंग समुद्रात फेकून दे."

"फेकतो," म्हणालो.