हिरव्या भागातले दिवे

“यापेक्षा सेफ जागा वसई-विरारमध्ये मिळणार नाही, सिस्टर,” माझे बॉस देसाईसर स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले. समोर सिस्टर फिलोमिना बसल्या होत्या. नंदाखालजवळ त्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांचा आश्रम चालवतात. आश्रमाची इमारत आता पाडायची होती. नवी जागा तळमजल्यावरच हवी, कारण या माणसांना जिन्यावरून नेता येत नाही. आणि तळमजला म्हटला की पावसाळ्यात पाणी शिरतं का, हा पहिला प्रश्न.

त्यासाठीच आमच्या ऑफिसने नकाशा केला होता. पाणी तुंबल्याच्या तक्रारी जिथून जास्त, तो भाग लाल. जिथून नाहीत, तो हिरवा. नालासोपारा लालभडक होता. जूचंद्रच्या पुढे, मिठागरांच्या अंगाला, एक तुकडा मात्र हिरवागार होता. तिथल्या एका सोसायटीचा तळमजला सिस्टर घेणार होत्या. दुसऱ्या दिवशी सही.

नकाशे तपासणं हे माझं काम. मी विचारलं, “सर, एकही तक्रार नाही? तिथे लोक राहतात ना?”

“विजेच्या मीटरचा चार्ट बघ. सगळे मीटर चालू आहेत. लोक राहतात, वीज जाळतात आणि तक्रार करत नाहीत. अजून काय पाहिजे तुला?”

उत्तर बिनतोड होतं, पण मला पटेना. आपल्याकडची माणसं नळाला पाणी जरा उशिरा आलं तरी फोन करतात. संध्याकाळी मी एकटीच बघायला गेले.

पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. तळमजल्याच्या एक सोडून सगळ्या खिडक्यांत दिवे होते. हायसं वाटलं. मी पहिल्या दाराची बेल वाजवली. मग दुसऱ्या, तिसऱ्या. कोणी आलं नाही. टीव्हीचा आवाज नाही, कुकरची शिट्टी नाही. खिडकीतून डोकावले तर खोली रिकामी. भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ होती. तिच्या खूप वर, जवळजवळ छताला टेकून, बटणांचा बोर्ड आणि देवाचा फोटो. शेजारच्या घरातही तसंच. त्याच्या पुढच्याही.

तेवढ्यात शेवटच्या काळोख्या खिडकीत दिवा लागला. मला खरंच पळून जावंसं वाटलं.

दारातून एक म्हातारी बाई बाहेर आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात चाव्यांचा जुडगा.

“कोन पायजे?”

“इथे राहणारी माणसं कुठे आहेत, काकू?”

“गेली. पानी घरात शिरायला लागलं, तशी एकेक करून गेली. चाव्या माझ्याकडं ठेवल्यात. वरती आता मी एकटीच राहते.”

“मग हे दिवे?”

“तिन्हीसांजेला घर काळोखात ठेवू नये.” तिने काठी उचलून दाखवली. उंचावरची बटणं ती काठीनेच दाबत होती. “आली परत तर?”

“पाण्याची तक्रार नाही केलीत कधी?”

“माझ्या घरात नाय येत पानी. मी कशाची करू?”

दुसऱ्या दिवशी मी तिथे काढलेले फोटो टेबलावर ठेवले आणि त्या बाईचं सांगितलं. देसाईसरांनी ते एकेक करून पाहिले. मग म्हणाले, “म्हणजे मीटर ती बाई चालवते?”

सिस्टरांनी पेन पर्समध्ये ठेवलं. “माझी माणसं उठून बसतसुद्धा नाहीत हो,” एवढंच त्या म्हणाल्या.

आश्रम आता नकाशातल्या लाल भागात आहे. तिथे रस्त्यावर पाणी साचतं, पण इमारतीचं जोतं उंच आहे आणि शेजारी भांडखोर आहेत. गटार तुंबलं की पंधरा फोन जातात. नालासोपारा लाल दिसत होता त्यातही पाण्याइतकाच माणसांच्या गर्दीचा हात होता. आमचा नकाशा पाणी कुठे येतं ते सांगतच नव्हता, ओरडायला माणसं कुठे आहेत ते सांगत होता. हिरवा रंग दिसला की मी आता आधी विचारते, इथे तक्रार करायला कोणी उरलंय का?

तो तुकडा आम्ही राखाडी केला. राखाडी म्हणजे माहिती नाही. मीटरच्या चार्टवर मात्र ती सोसायटी अजून भरलेली दिसते.