मीराच्या नावाची कॉफी

बंगळुरूच्या नावाजलेल्या कॉफीच्या दुकानांत आधी नाव विचारतात आणि कॉफी झाली की त्या नावाने हाक मारतात. माझं नाव ज्ञानदा. त्या ‘ज्ञ’पाशी इथे सगळ्यांचीच जीभ अडखळते, म्हणून मी बेधडक ‘मीरा’ सांगत होते. मीरा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. ती इथेच राहते, आणि ही दुकानं तीच मला दाखवणार होती. पण आदल्या दिवशी तिचा फोन आला, "अगं, ऑफिसच्या कामाला हैदराबादला चाललेय. यादी पाठवते, तू फीर."

तिसऱ्या दुकानात "मीरा!" अशी हाक आली. मी कपाकडे हात नेला, तर शेजारून आणखी एक हात आला. त्यातलं चांदीचं कडं मीच दिलेलं होतं.

"अगं... तू आत्ता इथे?"

"घे," मी म्हटलं. "नाव तुझंच आहे."

खोटं बोलणाऱ्याने यादी आपणच दिलीय एवढं तरी लक्षात ठेवावं. की माझ्यासाठी तेवढीही काळजी घ्यावीशी वाटली नाही? मी तर तिचं नावसुद्धा न विचारता वापरत होते, इतकं ते मला माझं वाटत होतं.

चौथ्या दुकानात मी ज्ञानदा सांगितलं. "ग्यांदा!" अशी हाक आली, आणि पुढे गेलेला हात माझ्या एकटीचाच होता.