रिकाम्या बादलीबरोबर गेलेला डबा

माझ्या सासऱ्यांचं संध्याकाळचं जेवण रोज लटकत डोंगरावर जायचं. बेळगावात हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, लटकत म्हणजे? लटकत म्हणजे लटकतच, तारेवरून.

डोंगरमाथ्यावर बॉक्साइटची खाण होती आणि आमच्या गावाबाहेर, डांबरी रस्त्याला लागून, माल उतरवायचं स्टेशन. मध्ये दरी, दाट रान आणि एक ओढा. ट्रक चढेल असा रस्ता नव्हता. म्हणून माथ्यापासून खालपर्यंत लोखंडी मनोरे उभे करून त्यांवरून जाड तारेचे दोर नेले होते. भरलेल्या बादल्या एका बाजूनं खाली यायच्या, रिकाम्या दुसऱ्या बाजूनं वर जायच्या. बादली म्हणजे विहिरीवरची नव्हे, आत म्हशीचं रेडकू आरामात उभं राहील एवढी. साहेब लोक त्याला रोपवे म्हणत. गावात मात्र सगळे नुसतं 'तार' म्हणायचे. तार चालू असली की मनोऱ्यांवरच्या चाकांचा कुरकुराट दिवसभर कानावर असायचा आणि दोरीवर वाळत घातलेल्या धोतरांवर तांबडी धूळ बसायची. लग्न होऊन आले तेव्हा पहिले आठ दिवस मला त्या आवाजानं डोकेदुखी झाली. नवव्या दिवशी तार बंद पडली, तेव्हा काहीतरी चुकतंय असं वाटून मीच अंगणात जाऊन बघून आले.

आम्ही मूळचे निपाणीकडचे, शेतीवाले जैन. सासरे, म्हणजे घरातले सगळे म्हणायचे तसे आप्पा, वरच्या स्टेशनवर बादल्या भरायच्या कामाला होते. त्या नोकरीपायी ते आणि सासूबाई, आमच्या आत्ती, या गावात दोन खोल्या घेऊन राहत होते. माझे यजमान बेळगावात नोकरीला, शनिवारी यायचे. उरलेले सहा दिवस घरात मी, आत्ती आणि आत्तींचे नियम. पाणी गाळून, धान्य निवडून, कांदा-लसूण उंबऱ्याबाहेर, आणि सकाळचं रांधलेलं संध्याकाळी कुणी खायचं नाही. मीही जैनाचीच मुलगी, पण माझ्या माहेरी नियम पाळायचे आणि आत्तींकडे नियम माणसांना पाळायचे.

आप्पांचा स्वतःचा नेम एकच होता. दिवस मावळला की तोंडात काही घालायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. तरुणपणी, लग्नाच्याही आधी, मुनिमहाराजांसमोर त्यांनी तो घेतला होता. तापात, प्रवासात, मुलाच्या लग्नाच्या गडबडीत तो कधी मोडला नव्हता. ते स्वतः त्याबद्दल बोलत नसत. बोलायच्या त्या आत्ती. शेजारीण पीठ मागायला आली तरी नेमाचा विषय निघायचाच.

आता दुसरी पाळी दुपारी दोनला सुरू व्हायची. सकाळचं चालत नाही, रात्रीचं चालत नाही, आणि जेवणारा डोंगरावर. इथंच घोडं पेंड खात होतं. त्यावर तोडगा खालच्या स्टेशनवरच्या काकांनी काढला होता. हे काका त्याच गावचे शेतकरी. बादली उलटी करून रिकामी करायची, रुळावरून ढकलत न्यायची आणि परत दोराला अडकवून वर सोडायची, हे त्यांचं काम. मी दुपारी स्वयंपाक करून डबा धडप्यात, म्हणजे जुन्या लुगड्याच्या तुकड्यात, बांधून त्यांच्याकडे द्यायची. ते तो बादलीच्या दांडीला घट्ट गाठ मारून अडकवायचे, आणि स्टेशनच्या फोनवरून वर कळवायचे, "तेवीस नंबर सुटली, आप्पांचा डबा हाय." तेवीस नंबरच असायची असं नाही, जी हाताला येईल ती. वर आप्पा आकडा बघून बादलीवर माल पडायच्या आत गाठ सोडून घ्यायचे. बादलीत माणूस बसवायला सक्त मनाई होती. डब्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नव्हतं, आणि साहेबानंही एकदा स्वतःचा विसरलेला चष्मा याच मार्गानं वर मागवलेला होता, त्यामुळे तो गप्प असायचा.

यात आणखी एक बारीक गोष्ट होती. आप्पांना साखरेचा आजार होता. जेवणाआधी अर्धा तास गोळी घ्यायची, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. डबा सुटल्याचा फोन आला की आप्पा गोळी घ्यायचे, कारण बादली वर पोचायला साधारण तेवढाच वेळ लागायचा. घड्याळापेक्षा त्यांचा तारेवर विश्वास जास्त. गोळी घेतली आणि जेवण मिळालं नाही तर माणूस घामाघूम होऊन कोसळतो, जिवावरही बेततं, हे डॉक्टरांनी आत्तींना आणि मला समोर बसवून सांगितलं होतं.

त्या दिवशी माझं डोकं फिरलेलं होतं. बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात ऑफिसच्या कामाची जागा होती. माझं बी.कॉम. झालेलं, अर्ज लिहून तयार. सकाळी मी विषय काढला. आत्ती म्हणाल्या, "घरात काय कमी हाय म्हणून दुसऱ्याच्या दारात जायाचं?" मी आप्पांकडे बघितलं. ते म्हणाले, "बघूया." बस्स. मला आत्तींचा राग यायला हवा होता, तो आला आप्पांचा. आत्तींशी भांडायची हिंमत नव्हती म्हणून वड्याचं तेल वांग्यावर काढलं. भाकऱ्या थापायला बसले ती मुद्दाम सावकाश. आत्ती देवळात गेल्या होत्या, हटकणारं कुणी नव्हतं. पोचंल उशिरा, बसतील जरा वाट बघत, असं मी मनात म्हटलं. हे मी शब्द न बदलता लिहिते आहे.

डबा घेऊन गेले तेव्हा काकांनी आभाळाकडे बघितलं. थंडीचे दिवस, ऊन लवकर कलायचं.

"लई उशीर केलीस गं आज."

"पोचतंय की वेळेत."

त्यांनी डबा बांधला, बादली दोराला लावली, फोन केला. मी परत निघाले. अर्ध्या वाटेवर चाकांचा आवाज थांबला. लाइट गेली होती. वळून बघितलं तर दरीवर सगळ्या बादल्या जागच्या जागी हलत होत्या, आणि ओढ्याच्या अलीकडच्या बादलीच्या दांडीला आमचं पिवळं धडपं दिसत होतं. जनरेटर आठवडाभर दुरुस्तीला गेलेला आहे हे मला माहीत होतं. गोळी घेतली गेली असणार हेही माहीत होतं.

मी धावत स्टेशनवर परत गेले. काकांनी फोन फिरवला. वर आप्पांबरोबर खानापूरकडचा एक शेतकरी कामाला होता, त्यानं उचलला. दोघांचं बोलणं चालू होतं तोवर मी डोंगराकडे बघत होते. ऊन आमच्या गावातून केव्हाच गेलं होतं. लाइट काही येत नव्हती.

तासाभरानं वरूनच फोन वाजला, तो काकांनी माझ्या हातात दिला. पलीकडून तो शेतकरी सांगत होता, "वैनी, आप्पास्नी घाम फुटलाय. हात थरथराय लागल्यात. माझ्या भाकरीत कांदा हाय, ती चालायची न्हाय त्यास्नी, पर चहाचा गूळ हाय की माझ्याकडं. हातात दिला तर बाजूला ठेवत्यात. डबा येतोय म्हणत हुते मघाशी. आता म्हणत्यात, दिवस मावळला, ऱ्हाऊ दे."

"त्यांना द्या फोन."

मी आप्पांशी तोवर कधी मान वर करून बोलले नव्हते. त्यांचा आवाज आला तो जड, जीभ अडखळत असल्यासारखा. "काय गं?"

"आप्पा, गूळ खावा."

"आता न्हाय गं. वेळ गेली."

"वेळ माझ्यामुळं गेली," मी ओरडले. काका बाजूला उभे होते, त्यांची लाज वाटली नाही. "मी रागानं उशीर केला, आप्पा. मुद्दाम केला. तुमचा नेम मोडला तर त्याचं पाप माझ्या माथ्यावर घालून खावा. पण खावा! तुमचं काही झालं तर आत्तींना मी काय तोंड दाखवू?"

  मी रडत, फोन कानाला धरूनच त्या तांबड्या धुळीत खाली बसले.

मग ते म्हणाले, "आयतु, आयतु," म्हणजे कानडीत 'बरं, बरं'. "रडू नको. इथं वर अजून ऊन हाय गं. खाली तुमच्याकडं गेलं आसंल. खातो मी."

मला ते पटलं. मघाचं 'वेळ गेली' ते गुंगीत म्हणाले असतील असं वाटलं. डोंगर आमच्या मावळतीला होता. सूर्य त्याच्यामागं गेला की गावात सावली पडायची आणि माथ्यावर ऊन रेंगाळायचं, ही साधी गोष्ट होती. गूळ खाल्ला, पाणी प्याले, थोड्या वेळानं बरं वाटतंय असा निरोप आला. मी काकांच्या पायाला हात लावायला गेले तर त्यांनीच डोळे पुसले आणि मला घरी पिटाळलं. लाइट आल्यावर आमचा डबा वर पोचला तो कुणीच न खाता परत खाली आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्तींनी विचारलं, "तार बंद हुती म्हणं. जेवलासा कधी?" आप्पा म्हणाले, "वर ऊन हुतं तवर गूळ खाल्ला." मी चुलीपाशी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. आणि त्याच आठवड्यात, जेवताना, भाजी वाढून घेता घेता आत्तींना म्हणाले, "पोरीला मच्छ्याला जाऊ दे. शिकलीया ती." आत्तींनी वाटी आपटली, पण नाही म्हणाल्या नाहीत. मी अजून त्याच ऑफिसात आहे. आज माझ्या हाताखाली चार माणसं आहेत आणि त्यांच्यातलं कुणी उशिरा आलं तर मला फार बोलता येत नाही.

आप्पा निवृत्त झाले तेव्हा तो खानापूरचा शेतकरी फणस घेऊन भेटायला आला. मी चहा द्यायला ओसरीत गेले. आप्पा हात धुवायला मागं गेले होते. मी सहज म्हटलं, "त्या दिवशी वर ऊन होतं म्हणून बरं, नाहीतर आप्पांनी गूळ खाल्ला नसता." त्यानं कप खाली ठेवला.

"कसलं ऊन, वैनी? दिवस कवाच मावळलेला, लाइट न्हाय, शेडात किर्र झाल्तं. बॅटरी लावून गूळ हुडकला मी. त्येनी मला म्हणाले, घरात कुणाला सांगू नको." मग आपण काय बोलून बसलो हे ध्यानात येऊन त्यानं कप तोंडाला लावला.

म्हणजे आप्पांनी एकाच संध्याकाळी दोन गोष्टी मोडल्या होत्या. एक नेम, आणि दुसरं खोटं न बोलणं, ज्याचा नेम घ्यायची त्यांना गरजच पडली नव्हती. मला किती वाईट वाटलं ते सांगता येईल, पण त्याहून खरं हे की मी काहीच केलं नाही. आप्पांना विचारलं नाही, आत्तींना सांगितलं नाही. घरात सगळं सुरळीत चाललं होतं. सुरळीत चाललेल्या घरात खरं बोलायला फार मोठी छाती लागते.

पुढं खाण बंद झाली. दोर कापून भंगारात गेले. मनोरे मात्र तसेच आहेत, त्यांच्यावर वेली चढल्यात. आप्पा-आत्ती निपाणीकडच्या गावी परतले, आणि आम्ही सणावाराला जात राहिलो. मागच्या चातुर्मासात गावात मुनिमहाराज होते. सांगतेच्या दिवशी, आयुष्यभर नेम पाळलेल्या म्हाताऱ्या माणसांचा शाल देऊन सत्कार ठरला. आप्पांचं नाव अर्थातच पहिलं. आत्तींनी नवं लुगडं नेसलं होतं. मी बायकांमध्ये त्यांच्या शेजारी बसले होते.

नाव पुकारल्यावर आप्पा काठी टेकत पुढं गेले. हात जोडले. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "महाराज, ही शाल मला नको. माझा नेम एकदा मोडलाय." एवढंच. कधी, कशानं, काही नाही. परत येऊन जागेवर बसले. बायकांत कुजबुज सुरू झाली. आत्तींची मान खाली गेली ती कार्यक्रम संपेपर्यंत वर आली नाही. मी तिथं उठून बोलले नाही. ते माझ्याच्यानं झालं नाही.

घरी आल्यावर बाहेरच्या सोप्यात आत्ती आप्पांवर तुटून पडल्या. "चार माणसांत मान खाली घालाय लावलासा! कवा मोडला? कशापायी?" आप्पा टोपी काढून खुंटीला अडकवत राहिले. त्यांनी पुढंही काही सांगितलं नसतं, हे मला दिसत होतं.

"माझ्यापायी," मी म्हणाले. आणि भाकऱ्या सावकाश थापल्या तिथपासून, बॅटरी लावून हुडकलेल्या गुळापर्यंत, सगळं सांगितलं.

आत्तींनी माझ्याकडे बघितलं नाही. आप्पांना विचारलं, "मग वर ऊन हुतं म्हणून मला सांगितलासा, ते खोटं?"

"व्हय."

आत्ती गुडघा धरून खाली बसल्या. मग म्हणाल्या, "बरं केलासा. खरं सांगितला असतासा तर हिला मी त्याच दिवशी माहेरी धाडलं असतं."